पोटावरचा हात

सकाळची साडेआठची वेळ. कचेरीला निघालेले एक मध्यमवयीन गृहस्थ पायांत बूट चढवून दारापर्यंत जातात, क्षणभर थबकतात, आणि बूट काढून पुन्हां शौचकूपाकडे वळतात. सकाळपासूनची ही तिसरी खेप. घरांतील माणसांना आतां याचें नवल वाटेनासें झालें आहे. प्रवासाला निघावयाचें झालें कीं हे गृहस्थ गाडीच्या वेळेअगोदर स्थानकावरील शौचकूपाची चौकशी करतात. लग्नाच्या पंगतीला बसले तर पानांतील प्रत्येक पदार्थाकडे आरोपीकडे पाहावें तसें पाहतात. जेवणानंतर पोट तट्ट फुगतें, डाव्या कुशींत कळ येते, शौचाला जाऊन आलें कीं ती कांहीं वेळ निवते, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच क्रम. चार दिवस जुलाब, तर पुढें आठ दिवस मलावरोध. असें वर्षानुवर्षें चाललेलें असतें.

अशा गृहस्थांच्या कपाटांत तपासण्यांची एक जाडजूड फाइल असते. रक्त तपासून झालें आहे, मल तपासून झाला आहे, सोनोग्राफी झाली आहे, आतड्यांत दुर्बीण घालून पाहणेंहि झालें आहे. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशीं निष्कर्ष एकच: सर्व कांहीं ठीक. घाईंत असलेला एखादा डॉक्टर म्हणतो, “तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं, हे मनाचे खेळ आहेत.” तेथून निराश होऊन परतावें तों शेजारचे आजोबा सांगतात, “अहो, नाभि सरकली असेल. जाणत्या माणसाकडून पोट चोळून घ्या, एका बैठकींत मोकळे व्हाल.” एकाच्या मतें रोगच नाहीं, तर दुसऱ्याच्या मतें रोग म्हणजे एक निसटलेलें बटण. या दोन टोकांच्या मध्यें बिचाऱ्या रोग्यानें उभें तरी कोठें राहावें? आणि पोटावर हात फिरविण्याच्या त्या जुन्या उपचारांत कांहीं तथ्य आहे काय? या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेतली पाहिजे. या विकाराला पाश्चात्त्य वैद्यकांत इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असें म्हणतात. आद्याक्षरांवरून पडलेलें आय. बी. एस. हें नांव आतां आपल्याकडेहि रुळलें आहे. मराठींत त्याला क्षुब्ध आतड्याचा विकार म्हणावयास हरकत नाहीं. सिंड्रोम म्हणजे लक्षणांचा समूह. जेथें रोगाचें एकच मूळ बोट ठेवून दाखवितां येत नाहीं, परंतु ठराविक लक्षणें एकमेकांचा हात धरून येतात, तेथें हा शब्द योजतात. ऑक्सफर्ड येथील चौधरी आणि ट्रुलव्ह या दोघां वैद्यांनीं अशा १३० रोग्यांचा अभ्यास करून तो १९६२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील बऱ्याच जणांचा त्रास आमांशाच्या एखाद्या हल्ल्यानंतर सुरू झालेला होता. पुढील संशोधनानेंहि ही गोष्ट खरी ठरविली. जंतूंचा संसर्ग बरा होतो, परंतु आतडें त्यानंतर हळवें होऊन राहतें, असा अनुभव कांहीं रोग्यांच्या बाबतींत निश्चित येतो.

रोगाची परीक्षा कशी करावी, याविषयीं जगांतील तज्ज्ञांनीं कांहीं निकष ठरविले आहेत. त्यांना रोम निकष म्हणतात. २०१६ सालीं त्यांची चौथी आवृत्ति निघाली. तिच्याप्रमाणें पोटांत वारंवार दुखणें हें मुख्य लक्षण होय. हें दुखणें गेल्या तीन महिन्यांत सरासरीनें आठवड्यांतून एक दिवस तरी झालेलें असावें. त्याचा आरंभ निदान सहा महिन्यांपूर्वींचा असावा. आणि पुढील तीन गोष्टींपैकीं दोन त्याच्याशीं जोडलेल्या असाव्यात: दुखण्याचा शौचाशीं संबंध, शौचाच्या वेळांत झालेला फरक, आणि मलाच्या स्वरूपांत झालेला फरक. कोणाला मलावरोध अधिक, कोणाला जुलाब अधिक, तर कोणाला दोहोंचा फेरा. यांवरून रोगाचे प्रकार पाडतात. २०२१ सालीं ३३ देशांतील ७३ हजारांहून अधिक लोकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. जेथें ती इंटरनेटवरून झाली त्या देशांत या कडक निकषांनीं मोजूनहि शंभरांत सुमारें चार माणसें या विकारानें पीडित आढळलीं. तेव्हां आपले गृहस्थ एकटे नाहींत. ते ज्या गाडीनें कचेरीला जातात त्या गाडीच्या प्रत्येक डब्यांत त्यांचे समदुःखी बसलेले असतात. फरक इतकाच कीं, या दुखण्याविषयीं कोणी मोकळेपणानें बोलत नाहीं. समाधानाची गोष्ट ही कीं, या विकारानें आयुष्य कमी होत नाहीं आणि त्यापासून कर्करोग उद्भवत नाहीं. परंतु आयुष्य कमी होत नाहीं म्हणून त्यांतील सुख कमी होत नाहीं असें नव्हे.

आतां, सर्व तपासण्या निर्दोष असतांना पोट दुखतें तरी कां? दुर्बिणीला दिसतें तें आतड्याचें रूप. त्याची वागणूक तिला दिसत नाहीं. घड्याळाचें झांकण उघडून पाहिलें तर चाकें सर्व जागच्या जागीं असावीं, परंतु घड्याळ मात्र कधीं पुढें धांवावें, कधीं मागें रेंगाळावें, तसा हा प्रकार आहे.

आतडें म्हणजे नुसती नळी नव्हे. त्याच्या भिंतींत मज्जातंतूंचीं दोन जाळीं विणलेलीं आहेत. एकोणिसाव्या शतकांत माइस्नर व आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञांनीं त्यांचें वर्णन केलें, आणि त्यांचींच नांवें त्या जाळ्यांना मिळालीं. १८९९ सालीं बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें कीं, बाहेरून येणारे मज्जातंतु तोडून टाकले तरी आतडें आपलें काम चालूं ठेवतें. आंत आलेल्या अन्नाच्या मागच्या बाजूस तें आवळतें, पुढच्या बाजूस सैल होतें, आणि अशा रीतीनें अन्न पुढें सरकवितें. म्हणजे आतड्याला स्वतःची अशी थोडी अक्कल आहे. तरीहि तें स्वतंत्र राज्य नव्हे. मेंदूशीं त्याचा अखंड पत्रव्यवहार चालतो. व्हेगस नांवाचा जो मोठा मज्जातंतु मेंदूपासून पोटापर्यंत उतरतो, त्यांतील बहुतेक तंतु पोटाची बातमी वर नेणारे आहेत. वरून हुकूम आणणारे त्या मानानें थोडे. परीक्षेच्या सकाळीं हुशार मुलाच्या पोटांत कां ढवळतें, हें कोणत्याहि शाळेच्या शिपायालासुद्धां ठाऊक असतें. तें मूल ढोंग करीत नसतें. मेंदूंतील काळजी खरोखरच आतड्यांत उतरलेली असते.

क्षुब्ध आतड्याच्या रोग्याच्या बाबतींत हा पत्रव्यवहार बिघडलेला असतो. १९७३ सालीं रिची नांवाच्या संशोधकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या खालच्या भागांत लहानसा फुगा ठेवून त्यांत हवा भरावयाची आणि माणसाला दुखतें कधीं तें विचारावयाचें, अशी त्याची रीत होती. फुग्यांत ६० मिलिलिटर हवा भरली तेव्हां निरोगी माणसांपैकीं शेंकडा सहा जणांना दुखलें. या रोग्यांपैकीं शेंकडा ५५ जणांना दुखलें. हवा तितकीच, फुगा तोच. परंतु एकाला जी कुजबुज वाटते ती दुसऱ्याला आरोळी ऐकूं येते. या एका प्रयोगानें “तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं” या वाक्याचें उत्तर दिलें आहे. रोग्याला होणारी वेदना खरी आहे; दुखणाऱ्या अवयवांत व्रण सांपडत नाहीं, इतकेंच. आजचे तज्ज्ञ या विकाराला आतडें आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधाचा विकार म्हणतात, तें याचसाठीं.

ही ओळख पटल्यावर मर्दनाचा विचार नीट करतां येतो. अंगाला तेल लावून चोळणें ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाहीं. तान्ह्या मुलाला न्हाऊं घालण्यापूर्वीं तेल लावतात. त्याचें पोट दुखूं लागलें कीं बेंबीभोंवतीं हिंगाचा लेप देऊन आजी हलक्या हातानें पोट चोळते. बाळंतिणीचें अंग रगडतात. आणि वर्षभर तेलाचें नांव न घेणारा माणूससुद्धां नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करतो. आयुर्वेदानें अभ्यंगाला दिनचर्येंतच स्थान दिलें आहे. परंतु त्याच ठिकाणीं एक निषेधहि सांगितला आहे, तो लोक विसरतात. अष्टांगहृदयांत वाग्भटानें दिनचर्येच्या अध्यायांत अभ्यंगाचे गुण सांगून लगेच बजाविलें आहे कीं, कफानें ग्रासलेल्यानें, नुकतेंच शोधन घेतलेल्यानें आणि अजीर्ण झालेल्यानें अभ्यंग करूं नये. म्हणजे पोट बिघडलें कीं चोळ तेल, असा सरसकट नियम आपल्या शास्त्रानेंहि केलेला नाहीं.

युरोपांत या कलेला शिस्त लागली ती एकोणिसाव्या शतकांत. स्वीडनमध्यें लिंग यांनीं १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामविद्येची संस्था काढली. पुढें ॲम्स्टरडॅमचे डॉक्टर मेझ्गर व त्यांचे शिष्य यांनीं मर्दनाच्या क्रियांचे वर्ग पाडून त्यांना फ्रेंच नांवें रूढ केलीं. तळहात हलकेच फिरविणें, मांस मळणें, बोटांनीं घासणें आणि थापटणें, हे त्यांतील मुख्य प्रकार. मळण्याच्या क्रियेला जो फ्रेंच शब्द वापरतात तो कणीक मळण्याच्या क्रियापदापासूनच बनलेला आहे. तेव्हां शास्त्राचें नांव परकें असलें तरी क्रिया आपल्या स्वयंपाकघरांतील आहे. मलावरोधासाठीं पोटाचें मर्दन करण्याची रीत त्या काळीं युरोपांत बरीच चालत असे. पुढें रेचक औषधें सुलभ झालीं आणि ती मागें पडली.

पोटावर फिरणारा हात नेमकें काय करूं शकतो, हें तीन पायऱ्यांनीं पाहिलें पाहिजे.

पहिली पायरी आतड्याची. मोठें आतडें सुमारें पांच फूट लांबीचें असून तें पोटांत एखाद्या कमानीसारखें बसविलेलें आहे. उजव्या कुशीच्या तळाशीं तें सुरू होतें, बरगड्यांपर्यंत वर चढतें, तेथून आडवें डावीकडे जातें, आणि डाव्या बाजूनें खालीं उतरतें. या वाटेनें बाहेरून सावकाश दाब देत गेलें तर आंतील भिंत ताणली जाते, आणि ताण पडला कीं आवळण्याची क्रिया जागृत होते. स्वीडनमधील एका प्रयोगांत मलावरोधाच्या ६० रोग्यांचे दोन गट केले होते. एका गटाला नेहमींच्या रेचकांबरोबर आठवड्यांतून पांच दिवस, रोज पंधरा मिनिटें असें आठ आठवडे मर्दन दिलें. दुसऱ्याला नुसतीं रेचकें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, मर्दन घेणारांची पोटदुखी व मलावरोधाचा त्रास कमी झाला आणि शौचाला होण्याचें प्रमाण वाढलें. परंतु रेचकांचें प्रमाण मात्र घटलें नाहीं. उलट, मज्जासंस्थेच्या एका चिवट रोगानें ज्यांचें शौच बिघडलें होतें अशा सुमारें १९० रोग्यांवर ब्रिटनमध्यें झालेल्या मोठ्या प्रयोगांत मुख्य मोजमापावर मर्दनाचा ठळक फायदा दिसला नाहीं. तो निष्कर्ष २०१८ सालीं बाहेर आला. तात्पर्य, हात आतड्याला थोडी आठवण करून देतो. तो आतड्याचें काम आपल्या अंगावर घेत नाहीं.

दुसरी पायरी त्वचेची. स्पर्श ओळखणारे मज्जातंतु सर्व एका जातीचे नसतात. कांहीं तंतु टांचणी टोंचल्याचें वर्तमान विजेच्या वेगानें मेंदूला पोंचवितात. तर कांहीं तंतु मंद आहेत, आणि ते केवळ हळुवार, सावकाश फिरणाऱ्या स्पर्शानें जागे होतात. त्यांना सर्वांत मानवणारा वेग सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतका आहे, असें स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें. आई मुलाच्या अंगावरून हात फिरविते तो साधारण याच वेगानें. तिला तो कोणी शिकविलेला नसतो. या मंद तंतूंची बातमी मेंदूच्या ज्या भागाकडे जाते तो भाग भावनेशीं आणि शरीराच्या आंतील स्थितीच्या जाणिवेशीं निगडित आहे. म्हणून असा स्पर्श होतांच श्वास आपोआप लांबतो, खांदे सैल पडतात. ज्या रोगांत मेंदूची काळजी आतड्यांत उतरते त्या रोगांत ही शांतता निरुपयोगी कशी असेल? येथें जोर लावणारा हात मात्र उलट काम करतो. रगडून रगडून पोट दुखविणाराला वाटतें कीं आपण रोग उपटून काढीत आहों. वस्तुतः तो हळव्या आतड्याला आणखी घाबरवीत असतो.

तिसरी पायरी माणसाची. ती समजण्यास बोस्टनमधील एक प्रयोग फार उद्बोधक आहे. हा प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. याच विकाराचे २६२ रोगी घेऊन त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला कांहींच उपचार दिला नाहीं. नुसती नोंद ठेवली. दुसऱ्या गटाला सुया टोंचण्याचा खोटा उपचार दिला. म्हणजे सुई लागल्यासारखी वाटे, परंतु ती त्वचेंत शिरत नसे, आणि उपचार करणारा फारसें बोलत नसे. तिसऱ्या गटाला उपचार तोच खोटा. परंतु उपचार करणारानें पहिल्या भेटींत पाऊण तास रोग्याचें म्हणणें ऐकून घेतलें, आस्थेनें प्रश्न विचारले, नाडी धरून क्षणभर शांत विचार केला, आणि धीर दिला. तीन आठवड्यांनंतर आराम वाटला असें सांगणारांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा २८, दुसऱ्यांत ४४, आणि तिसऱ्यांत ६२ निघालें. औषध कोणालाच दिलेलें नव्हतें. दुसऱ्या गटाहून तिसऱ्यांत जी वाढ झाली ती केवळ आस्थेनें.

या आंकड्यांचा अर्थ दोन तऱ्हांनीं लावतां येतो. संशयी माणूस म्हणेल, मग मर्दनाचा गुण हा सारा भासच. परंतु ज्या विकाराचें वर्मच मुळीं मेंदू आणि आतडें यांच्या संभाषणांत आहे, तेथें धीर मिळाल्यानें वेदना कमी होणें यांत भास कसला? वीस मिनिटें दुसऱ्या कोणीं आपल्या दुखऱ्या पोटावर काळजीनें हात ठेवावा, घाई करूं नये, आणि “येथें दुखतें कां?” असें विचारावें, हें या रोग्याला फाइलींतील कोणत्याहि कागदानें दिलेलें नसतें. दुसरा अर्थ मात्र मर्दन करणाराला नम्र करणारा आहे. आराम वाटला म्हणून आपली उपपत्ति खरी ठरली, असें त्यानें समजूं नये. तळपायावरील अमुक बिंदु म्हणजे आतडें, तो दाबला कीं आतडें सुधारतें, असा एक पंथ आहे. २००२ सालीं इंग्लंडमध्यें या विकाराच्या ३४ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. कांहींना त्या बिंदूंचें दाबन दिलें, तर कांहींना पायांचें साधें मर्दन. दोहोंत फरक आढळला नाहीं. २००८ सालीं ब्रिटनच्या आरोग्यमार्गदर्शक संस्थेनें या विकारासाठीं त्या पद्धतीला उत्तेजन देऊं नये असें सांगितलें.

म्हणून मर्दनाला पूरक उपचार म्हणावयाचें, आणि ‘पूरक’ या शब्दाचा अर्थ काटेकोरपणें घ्यावयाचा. व्याकरणांत शब्दयोगी अव्यय असतें. तें नामाला जोडून आलें कीं अर्थाला वळण देतें. एकटें उभें केलें तर त्याला अर्थ राहत नाहीं. मर्दनाचें तसेंच आहे. त्याच्या आधीं निदानाचें नाम हवें. मुख्य उपचारांत पाण्यांत विरघळणारा चोथा येतो, आणि त्यांत आपल्या ओळखीचें इसबगोल सर्वांत पुढें. पेपरमिंटच्या तेलाच्या गोळ्या कांहींच्या कळा शमवितात. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें विकसित झालेली एक आहारपद्धति आहे. तींत आतड्यांत आंबून वायु करणारे पदार्थ कांहीं आठवडे वर्ज्य करून मग एकेक परत आणतात. गहूं, कांदा, लसूण आणि बऱ्याचशा डाळी त्यांत येत असल्यानें मराठी स्वयंपाकाला ती बरीच जड जाते. म्हणून ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालींच करावी. मनाला शांत करून आतड्याचा क्षोभ कमी करण्याच्या मानसोपचारांनाहि आतां मान्यता मिळाली आहे. या पंगतींत मर्दनाचें पान शेवटीं मांडलेलें आहे. पण मांडलेलें आहे.

घरीं मर्दन करावयाचें तर रीत सोपी आहे. जेवणानंतर निदान दोन तास जाऊं द्यावे, लघवी करून यावें, आणि उताणें निजून गुडघ्यांखालीं उशी घ्यावी, म्हणजे पोट सैल राहतें. हात ऊन असावे. खोबरेल किंवा तिळाचें तेल थोडें कोमट करून घ्यावें. प्रथम तळहात नाभीच्या खालीं नुसता ठेवून आठदहा संथ श्वास होऊं द्यावे. नंतर उजव्या कुशीच्या तळापासून वर, बरगड्यांखालून आडवें डावीकडे, आणि डाव्या बाजूनें खालीं, असा हात सावकाश फिरवावा. पोटावर घड्याळ ठेवून त्याचें बाराचें घर छातीकडे केलें तर त्याचे कांटे ज्या दिशेनें फिरतील तीच ही दिशा. दाब इतकाच असावा कीं निजलेल्या माणसाला बोलतां बोलतां डुलकी यावी. दहा ते पंधरा मिनिटें पुरेत. दुखूं लागलें कीं थांबावें. मलावरोधाच्या रोग्याला याचा उपयोग अधिक. जुलाब चालूं असतांना मात्र पोटाला सोडून पाठ, हात किंवा पाय यांचें हलकें मर्दन करावें. रोग्यानें स्वतःच्या हातानें केलें तरी चालतें. एका बैठकींत गुण येण्याची अपेक्षा ठेवूं नये. आठवडा दोन आठवडे नियमानें करून मग पारखावें.

आतां, ज्या कारणासाठीं हा विषय घरोघर कळणें अगत्याचें आहे तें कारण. नाभि सरकत नाहीं. ती जन्माच्या वेळच्या नाळेची खूण असून पोटाच्या भिंतींत पक्की बसलेली आहे. बेंबींत बोटें दाबून “ठोका जागेवर नाहीं” असें जें सांगतात, तो ठोका नाभीचा नसून तिच्या मागें कण्याला लागून जाणाऱ्या मोठ्या रोहिणीचा असतो. माणूस कृश आहे कीं स्थूल, कसा निजला आहे, यांवर तो कमीजास्त लागतो. ही समजूत निरुपद्रवी असती तर तिच्यावर वेळ घालविण्याचें कारण नव्हतें. परंतु आंत्रपुच्छाच्या दाहाचा, म्हणजेच अपेंडिसायटिसचा, आरंभ पुष्कळदां नाभीभोंवतींच्याच दुखण्यानें होतो. कांहीं तासांनीं तें दुखणें उजव्या कुशीच्या तळाशीं उतरतें. नेमक्या या पहिल्या तासांत घरांतील कोणी “नाभि सरकली” म्हणून पोट चोळावयास बसलें, तर रोग्याचा मोलाचा वेळ जातो. आणि सुजलेलें आंत्रपुच्छ फुटलें तर प्राणावर बेततें. मुलाचें पोट अचानक दुखूं लागलें, ताप किंवा वांत्या सुरू झाल्या, पोट फळीसारखें ताठ झालें, तर तेथें हाताचें काम एकच: डॉक्टरकडे नेण्यासाठीं त्याला उचलणें.

जुन्या दुखण्यांतहि कांहीं खुणा धोक्याच्या आहेत. शौचावाटे रक्त पडणें, कारणावांचून वजन घटणें, रक्तक्षय, वारंवार ताप, रात्रीं झोपेंतून उठविणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, किंवा घराण्यांत आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकीं एक जरी खूण असली तरी आधीं तपासणी, मग बाकीचें. गरोदरपणीं, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लवकर, अंतर्गळ असतांना, आतड्याला सूज किंवा अडथळा असतांना, आणि पोटांतील मोठ्या रोहिणीला फुगवटा असतांना पोटाचें मर्दन करूं नये. ज्या फाइलीला आपले गृहस्थ कंटाळले आहेत, ती फाइल या दृष्टीनें पाहिली तर व्यर्थ गेलेली नाहीं. सर्व कांहीं ठीक असल्याचे ते कागद म्हणजे घरच्या हाताला पोटावर ठेवण्याची मिळालेली परवानगी आहे.

तेव्हां डॉक्टरनें “कांहीं नाहीं” असें म्हणण्याऐवजीं “अमुक आहे, आणि तें घातक नाहीं” असें म्हणावें. शेजारच्या आजोबांनीं नाभीला तिच्या जागीं सुखानें राहूं द्यावें. आणि घरच्या माणसांनीं तिसऱ्या खेपेला हंसूं नये. उद्यां सकाळीं साडेआठ वाजतां हे गृहस्थ कदाचित् पुन्हां बूट काढतील. परंतु रात्रीं निजण्यापूर्वीं पत्नीनें किंवा मुलानें वाटींत थोडें तेल कोमट करून, न बोलतां, त्यांच्या पोटावरून दहा मिनिटें हात फिरविला असेल, तर दारांतून परत वळतांना त्यांना आपण एकटे असल्यासारखें वाटणार नाहीं. हळव्या आतड्याला त्यानेंहि कांहीं उतार पडतो, हें आतां प्रयोगांनींहि मान्य केलें आहे.